डोकं आपटल्यावर दिसणाऱ्या काजव्यांना नाव कसं ठेवावं

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी ओट्याखालच्या कपाटात वाकून कुकरची शिट्टी शोधत होते. ती सापडली, त्या आनंदात ताडकन उठले आणि वरच्या कपाटाच्या उघड्या दारावर टाळकं आपटलं. ठण्ण! दार लाकडी असतं तर खाड्‌ झालं असतं, पण आमचं दार पत्र्याचं. "आई गं" म्हणून मी तिथंच फरशीवर बसले. आठ वर्षांचा भाचा धावत आला. त्यानं "लागलं का?" असं विचारलंच नाही. "आत्या, किती दिसले?"

"काय किती?"

"तारे! कार्टूनमध्ये डोक्याभोवती फिरतात ते."

"तारे नाही रे, काजवे."

"काजवे म्हणजे?"

नवव्या मजल्यावर वाढलेल्या पोरानं काजवा पाहिलेला नाही यात त्याचा दोष नाही. त्याला समजावायला म्हणून मी "डोळ्यांपुढे काजवे चमकणे"चं वाक्य करून दाखवायला गेले आणि तोंडात आलं ते असं : "गाडी दुरुस्तीचं बिल पाहून आत्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले." म्हणजे बघा, हा वाक्प्रचार आता बिलं, शाळेच्या फिया आणि परीक्षेचे पेपर यांनीच पळवलाय. "दिवसा तारे दिसणे"चीही तीच गत, तेही संकटालाच म्हणतात. खरोखर टाळकं आपटून खरोखर उजेड दिसला तर त्याला आपल्याकडे स्वतःचं नाव उरलेलं नाही. टेंगळाला नाव आहे, खोकेला आहे, भोवळीला आणि घेरीला आहे. मधले ते दोन सेकंद मात्र बिननावाचे.

मग त्या दुपारी मी आणि भाच्यानं मिळून ते नाव शोधायला घेतलं. पुढचे दोन-तीन आठवडे ते चाललं. त्यातून जी रीत हाती लागली ती इथं पायरी-पायरीनं देते. घरात मुलं असतील तर सुट्टीचा एक दिवस मजेत जातो. नसतील तरी जातो.

आधी डोकं, मग शब्द

शब्दाला घाई नाही, डोक्याला आहे. आपटल्याबरोबर उभं राहायचं नाही, आहे तिथं बसायचं. टेंगूळ येत असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरायचा. आमच्याकडे आज्या टेंगूळ तळहातानं खसाखसा चोळून "बसवायच्या". तसं करू नका, आत रक्त साकळलेलं असतं, चोळून ते आणखी पसरतं. जमिनीला किंवा कपाटाला चापट मारून "हात रे! बघ, मुंगी मेली" म्हणायला माझी हरकत नाही, त्यानं मूल रडायचं थांबतं. टक्कर झाल्यावर शिंग येऊ नये म्हणून पुन्हा डोक्याला डोकं लावायचं असेल तर मात्र अगदी हळू.

काजवे दोन-चार सेकंदांत विझायला हवेत. ते येतच राहिले, डोळ्यांपुढे एकाएकी काळे ठिपके किंवा धागे तरंगू लागले, किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं दिसेनासं झालं, तर डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा झालेली असू शकते. त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. शुद्ध हरपली, उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, गुंगी आली, बोलणं अडखळलं, एक बाहुली दुसरीहून मोठी दिसली, नाकाकानातून रक्त किंवा पाणी आलं, तर १०८ला फोन करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या ज्येष्ठांनी लहानशा आपटीनंतरही डॉक्टरांना विचारावं. यातलं काही नसेल तर वही-पेन घ्या.

पायरी पहिली : दिसलं काय, ते लिहा

नाव ठेवायचं तर ज्याला ठेवायचं ते नीट पाहिलेलं पाहिजे. इथंच बहुतेकांचा घोटाळा होतो. कार्टूनमधले पाच टोकांचे पिवळे तारे डोक्यात बसलेले असतात आणि आपण ते पाहिल्याचं ठोकून देतो. माझी त्या दिवशीची नोंद अशी आहे : "पांढरट, कडेला निळसर. सात-आठ असतील. उजवीकडे वर जास्त. सुईच्या टोकाएवढे. सरकले. दोन सेकंद. आवाज ठण्ण." टोकं एकालाही नव्हती.

हे का दिसतं, तेही थोडक्यात सांगते, कारण पुढे शब्दाला त्याचा उपयोग होतो. डोळ्यांकडून आलेले संदेश वाचणारा मेंदूचा भाग डोक्याच्या मागच्या बाजूला असतो. डोकं आदळलं की कवटीच्या आत मेंदूला हिसका बसतो आणि तिथल्या पेशी उगाच चाळवतात. कधी डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच ताण येतो. या पेशी कशानंही चाळवल्या तरी मेंदू त्याचा अर्थ उजेड असाच लावतो. म्हणून बाहेर अंधार असला तरी आत लखलखतं. शास्त्रात अशा उजेडाला फॉस्फीन म्हणतात, ग्रीकमधल्या "प्रकाश" आणि "दाखवणे" या दोन शब्दांपासून.

पुन्हा आपटून घ्यायची गरज नाही. डोळा मिटून पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, कानाच्या बाजूला, बोट अगदी हलकेच टेकवा. उजेडाचं एक कडं दिसेल, पण ते दिसेल नाकाच्या बाजूला! डोळ्याच्या पडद्यावर चित्र उलटं पडतं आणि मेंदू ते सवयीनं सुलटं करतो, त्या सवयीचा हा पुरावा. (डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी, काचबिंदू किंवा चष्म्याचा मोठा नंबर असलेल्यांनी हा प्रयोग करू नये.) न्यूटननं १६६५-६६च्या सुमारास हेच केलं होतं, फक्त बोटाऐवजी बोथट दाभण घेतलं आणि ते डोळा आणि हाड यांच्या फटीतून मागपर्यंत सरकवलं. पांढरी, काळी, रंगीत वर्तुळं दिसल्याचं त्यानं वहीत आकृतीसकट लिहून ठेवलंय. आमच्या घरी हे वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "त्याला घरात कुणी ओरडायला नव्हतं वाटतं."

आता ही नोंद हातात घेऊन जुन्या वाक्प्रचाराकडे बघा. इंग्रजाला अशा वेळी तारे दिसतात. फ्रेंच माणसाला ३६ मेणबत्त्या दिसतात. (कपाटाचा आणि माझ्या डोक्याचा आकडा छत्तीसचाच असल्यानं मला ते पटतं.) पण तारा एका जागी असतो, मेणबत्ती मंद तेवते. आपल्याला दिसतं ते लुकलुकतं, सरकतं, इथं विझून तिथं पेटतं. मेच्या अखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला नाहीतर राजमाचीला एखाद्या झाडाखाली रात्री उभं राहून पाहा. डोकं न आपटता नेमकं हेच दिसतं. ज्या कुणी मराठी माणसानं पहिल्यांदा "काजवे" म्हटलं, त्यानं आधी नीट पाहिलं होतं. म्हणून माझं पहिलं मत : नव्या शब्दात काजवा टिकवता आला तर टिकवावा.

पायरी दुसरी : माल गोळा करा

वहीचं एक पान घ्या, तीन रकाने पाडा. एकात आवाज, एकात डोकं, एकात उजेड.

आवाजांत आपण श्रीमंत आहोत. ठण्ण, टण्‌, खाड्‌, खट्‌, ठाक, धप्प, दाणकन, फाटकन. प्रत्येकाबरोबर आपटलेली वस्तू कळते. ठण्ण म्हणजे धातू, खाड्‌ म्हणजे लाकूड, धप्प म्हणजे भिंत. एसटीत सीटवरून उठताना वरच्या सामानाच्या कप्प्यावर आपटतं ते टण्‌. जुन्या वाड्याच्या ठेंगण्या दारातून वाकायला विसरलं की गणेशपट्टीवर बसतं ते ठाक. डोक्याच्या रकान्यात टाळकं, टाळू, कपाळ, माथा, डोस्कं, टकुरं, खोपडी, कवटी. उजेडाच्या रकान्यात तारा, चांदणी, चांदणं, काजवा, ठिणगी, टिकली, फुलबाजी, भुईनळा, पणती, झुंबर, नक्षत्र, आणि लुकलुक, चमचम, लखलख.

अडलात तर जुने कोश चाळा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ची, आणि आवाजी शब्दांसाठी तो अजून खाण आहे. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. फक्त एक सावधगिरी : मोल्सवर्थ उघडला की मूळ काम विसरायला होतं. माझा एक अख्खा मंगळवार तसा गेला.

पायरी तिसरी : नाम राहू द्या, आधी क्रियापद ठरवा

ही पायरी आम्हाला उशिरा सापडली, आणि ती आधी सापडली असती तर निम्मे वाया गेलेले शब्द वाचले असते.

मराठीत अंगाला जे काही होतं ते नुसतं "होत" नाही. थंडी वाजते. हुडहुडी भरते. घाम फुटतो. ठसका लागतो. कळ निघते. पोटात गोळा उठतो. घेरी येते, अंधारी येते. पायाला मुंग्या येतात (आणि मेल्या त्या कुठून येतात, कुणी विचारत नाही). म्हणजे प्रत्येक दुखण्याचं क्रियापदाशी लग्न लागलेलं आहे, आणि जोडी बदलली की कान लगेच तक्रार करतो. "मला हुडहुडी वाजली" म्हणून बघा, किंवा "ठसका फुटला".

नवा शब्द काढणारे नेमकं हेच विसरतात. छान नाम घडवतात, आणि वाक्यात बसवताना त्याच्या पुढे "झालं" नाहीतर "अनुभवलं" लावतात. "अनुभवलं" लागलं की शब्द मेला म्हणून समजा. टाळकं धरून बसलेला माणूस काही अनुभवत नसतो.

तेव्हा आधी क्रियापद निवडा आणि त्याच्या शेजारची जागा मोकळी ठेवा : "डोळ्यांपुढे ____ उठले." "मला ____ लागली." "टाळक्यात ____ पडलं." आता मोकळी जागाच सांगते कसला शब्द हवा, पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, एकवचनी की अनेकवचनी.

एक गंमत याच वेळी लक्षात आली. दुखणं आणि उजेड यांची सोयरीक मराठीत आधीपासून आहे. पाठीत "चमक" भरते. चमक! विजेचीही तीच, मोत्याचीही तीच, आणि बादली उचलताना कंबरेत भरते तीही तीच. डोक्यासाठी ती आयती मिळाली असती, पण कंबरेनं आधीच बुक केलीय.

पायरी चौथी : सांधे जुळवा

शब्द जोडायच्या चार वाटा आम्ही चालून पाहिल्या. त्यांतली पहिली फसते ती आधी सांगते, म्हणजे तुम्हाला त्या वाटेला जायला नको.

ती वाट भारदस्त संस्कृतची. "आघातजन्य प्रकाशाभास." अर्थ अचूक आहे, सरकारी परिपत्रकात शोभेल. पण हा शब्द म्हणून होईपर्यंत टेंगूळ उतरतं. संस्कृतशी माझं भांडण नाही, पण शुद्धतेचा अट्टाहास नको. "जिल्हाधिकारी"तला जिल्हा अरबीतून आला आणि अधिकारी संस्कृतातून, तरी दोघं सुखानं एका खुर्चीत बसलेत.

दुसरी वाट सरळ जोडशब्दाची : डोकं आणि उजेड शेजारी ठेवायचे. कपाळचांदणं. टाळूटिकल्या. यांतलं "टाळचांदणं" मला अजून आवडतं. टाळक्यातला "टाळ" सुटा झाला आणि वारीतल्या टाळांचा खणखणाट त्यात आयता आला. शिवाय चांदणं मराठीत "पडतं", आणि आपणही पडलेले असतो. "काल मोरीत घसरले आणि असं टाळचांदणं पडलं!" मऊ, जरा कवितेच्या अंगाचा शब्द. पत्र्याच्या दारासाठी फारच मऊ, एवढंच.

याच वाटेवर एक दणदणीत अपघात झाला. डोस्कं आणि चांदणं जोडून मी "डोसकांदणं" केलं. मोठ्या अभिमानानं जेवताना जाहीर केलं. भाचा म्हणाला, "आज डोसा आहे? कांद्याचा?" संपलं. जोडताना मधे तिसराच शब्द तयार होतो का हे मोठ्यानं म्हणून बघावं, मनात म्हणून कळत नाही.

तिसरी वाट आवाज आणि लुकलुक एकत्र दुमडायची. कडकडाट, लखलखाट, दणदणाट यांच्या साच्यात "टणलुकाट". "टाळक्यात नुसता टणलुकाट झाला." हा भाच्याचा. मुलांना या साच्यातले शब्द पटापट सुचतात, कारण त्यात अर्थ लागायच्या आधी तोंडाला मजा येते. त्यानं एका दुपारीत अकरा काढले. त्यातले "खाडचमाट" आणि "धप्पलुक" ठेवले, बाकीचे त्याच्या वहीत सुखी आहेत.

चौथी वाट माझ्या मते सगळ्यांत सरस : दोन शब्द असे निवडायचे की पहिल्याचं शेपूट हेच दुसऱ्याचं तोंड. मग जोडाची रेघ दिसतच नाही. रकाने शेजारी ठेवून मी शेपटं आणि तोंडं जुळवत बसले होते. टाळकं... कंदील? टाळकंदील, हा बरा होता, पण एकच मोठा कंदील दिसत नाही ना. टेंगूळ... काही जुळेना. मग आवाजांच्या रकान्यात, ठण्णच्या खाली, मीच कधीतरी "ठणका" लिहून ठेवलेला दिसला. ठणका म्हणजे मागाहून येणारी ठणठण. शेवट "का". उजेडाच्या रकान्यात काजवा. सुरुवात "का".

ठणकाजवे.

आवाजही त्यातच, दुखणंही त्यातच, जुना काजवाही जिवंत, आणि एक अक्षर वाचलं. मी उडी मारून उठले. या वेळी कपाटाचं दार बंद होतं.

पायरी पाचवी : व्याकरणाच्या गिरणीतून काढा

शब्द सुटा गोड लागतो, प्रत्यय लागल्यावर त्याचा खरा रंग दिसतो. मराठीत सामान्यरूप होताना बरेच नवे शब्द कोलमडतात. म्हणून प्रत्येक उमेदवाराला ने, ला, त, चा, मुळे लावून वाक्यं म्हणा. "ठणकाजव्यांमुळे चष्मा कुठे पडला तेच दिसेना." "पहिल्याच ठणकाजव्याला मी खाली बसले." कुठं अडखळत नाही, कारण काजवा आधीच ते सगळं शिकलेला आहे. नव्या शब्दाचा शेवट ओळखीचा असला की प्रत्यय आपोआप बसतात.

"टणलुकाट"ही तरला : टणलुकाटात, टणलुकाटानं. "टाळूटिकल्या" एकवचनात फसला, कारण टाळूटिकली म्हटलं की एखादी औषधी वडी वाटते.

क्रियापद होतं का तेही बघा. ठणकाजवणे? "दारानं मला ठणकाजवलं." इथं कान टवकारतो, कारण "ठणकावणे" शेजारीच उभं आहे, ठणकावून सांगणारं. माझ्या मते हे चांगलं. दारानं मला काहीतरी ठणकावून सांगितलंच होतं.

पायरी सहावी : परक्या माणसावर सोडा

घरच्यांवर विसंबू नका, ते एकतर कौतुक करतात किंवा जेवण वाढतात. अर्थ न सांगता शब्द वाक्यात वापरायचा आणि समोरचा अडतो का बघायचं. मी भाजीवाल्या मावशींना म्हटलं, "काल कपाट लागलं डोक्याला, असे ठणकाजवे उठले!" त्या वांगी तोलता तोलता म्हणाल्या, "मग उठणारच. हळद लावली का?" पास. "टणलुकाट" ऐकून त्यांनी "काय झालं?" विचारलं. नापास नव्हे, पण फेरपरीक्षा.

आणखी एक भ्रम माझा इथं गेला. मला वाटत होतं, शब्द असा हवा की आपटताक्षणी तोंडातून निघावा. तसं होत नाही. आपटताक्षणी "आई गं" निघतं, आणि ती जागा कुणालाही मिळायची नाही. नवा शब्द लागतो तो दहा मिनिटांनी, बहिणीला फोनवर सांगताना. त्यामुळे तो छोटाच हवा असं नाही. सांगताना रंगवता आला पाहिजे, "ठण्ण"वर जोर देऊन मग "काजवे" हळूच सोडता आले पाहिजेत.

सांगूनसवरून घडवलेला शब्द रुजतो का, अशी शंका काढणारे भेटतात. सावरकरांनी रुजवलेला "महापौर" आज कुणाला घडवलेला वाटत नाही. फाउंटनपेनसाठी सुचवलेली "झरणी" मात्र राहिली नाही. शब्द म्हणून ती किती गोड होती! पण "पेन" हा दोन अक्षरांचा शब्द आधीच प्रत्येकाच्या खिशात होता. "दूरध्वनी" पत्रिकेवर छापतात आणि तोंडानं फोन म्हणतात. आपली बाजू त्या मानानं भक्कम आहे : फॉस्फीन कुणीच म्हणत नाही, जागा रिकामी आहे. अमेरिकेत मॉर्ट वॉकर या व्यंगचित्रकारानं चित्रकथांतल्या खुणांना थट्टेनं नावं ठेवली होती. झिंगलेल्या-गरगरलेल्या माणसाच्या डोक्याभोवतीच्या तारका-बुडबुड्यांना "स्क्वीन्स", शिवीच्या जागी काढलेल्या चिन्हांच्या गुंत्याला "ग्रॉलिक्स". त्यातला ग्रॉलिक्स इंग्रजीत चांगलाच रुळला. थट्टा म्हणून सुरू झालेला शब्द थट्टाच राहतो असं नाही.

पायरी सातवी : मापं ठरवा

पावसाला आपण एका शब्दावर भागवत नाही. भुरभुर, रिमझिम, रिपरिप, मुसळधार. मग आपटण्याला एकच का? घरात खालची वर्गवारी चालू आहे, तुमची वेगळी करा.

एखादाच ठिपका, अर्धा सेकंद, आवाज खट्‌ : टिकली. "काही नाही, टिकली लागली." चार-सहा, सरकते, बसायची गरज नाही : टणलुकाट. बसावं लागलं : ठणकाजवे. मोरीत, अंगणात, जिन्यात सपशेल आडवं झाल्यावर पडतं ते टाळचांदणं. त्याच्या वरच्या पायरीला आम्ही शब्द ठेवलेला नाही, कारण तिथं दवाखाना लागतो.

आणि यातच आईनं सगळ्यांवर कडी केली. ती एवढे दिवस "काय पोरकटपणा" म्हणत बाजूला बसून भिंतीवरच्या कॅलेंडरात पावसाची नक्षत्रं बघत होती. सात-आठ जूनला मृग लागतो, एकवीस-बावीसच्या सुमारास आर्द्रा. बघता बघता म्हणाली, "अगं, नक्षत्रही लागतं आणि डोक्यालाही लागतं. तुम्हाला आदळा लागलं."

आर्द्रा, आदळा. मी पायरी तिसरीत क्रियापदावर एवढं व्याख्यान दिलं, आणि "लागणे" हे आयतं, दोन्हीकडून लागू पडणारं क्रियापद मला दिसलं नव्हतं. नक्षत्र म्हणजे तारेच, तेव्हा उजेडही आत आला. आकारान्त स्त्रीलिंगी असल्यानं "आदळेत" शाळेतसारखं सरळ होतं. वर तिनं म्हणही दिली. "पडतील स्वाती, तर पिकतील मोती" या चालीवर : "लागेल आदळा, तर टाळकं सांभाळा."

त्यामुळे आदळा हा एका ठिपक्याचा शब्द राहिला नाही, तो हंगामाचा झाला. एखाद्या आठवड्यात घरात दोघातिघांची डोकी आपटली की आदळा चालू आहे असं म्हणायचं. कपाटांची दारं लावून घ्यायची, पोटमाळ्यावरचं सामान काढायला दुसऱ्या कुणाला पाठवायचं.

पायरी आठवी : नोंद करा

बोललेला शब्द हवेत जातो. कोशातल्यासारखी नोंद लिहून फ्रिजला चिकटवा. आमची अशी :

ठणकाजवा – पु. (बहुधा अनेकवचनी, ठणकाजवे). टाळकं कठीण, विशेषतः धातूच्या वस्तूवर आपटल्यावर डोळ्यांपुढे लुकलुकणारे, सरकणारे उजेडाचे ठिपके. (क्रि. उठणे, चमकणे.) बिल, फी किंवा निकाल पाहून दिसणाऱ्या काजव्यांस हा शब्द लावू नये. [ठणका + काजवा]

ती "लावू नये"ची ओळ महत्त्वाची. जुन्या वाक्प्रचाराचं जे झालं ते याचं लगेच होऊ नये म्हणून. अर्थात दहा वर्षांनी कुणीतरी विजेचं बिल पाहून ठणकाजवे म्हणेलच, आणि तेव्हा रागवायचं की शब्द रुळला म्हणून पेढे वाटायचे, हे आमचं अजून ठरलेलं नाही.

नोंदीखाली एक ओळ मोकळी सोडा. कोपर दाराच्या कडीवर आपटल्यावर करंगळीपर्यंत जाते त्या विजेला, बर्फाचा गोळा घाईनं खाल्ल्यावर कपाळात शिरते त्या कळेलाही नावं नाहीत. पहिलीचं क्रियापद "जाणे" आणि दुसरीचं "शिरणे", एवढं मी तुम्हाला दिलंय.

आमच्या कॅलेंडरात या महिन्यात तीन चौकोनांत पेन्सिलीनं "आदळा" लिहिलेलं आहे. छापील नक्षत्रांखाली वाहन दिलेलं असतं, कोल्हा, बेडूक, हत्ती, मोर असं, म्हणून भाच्यानं तेही भरलंय : "वाहन – गाढव". शेजारी एक बाण काढलाय, आणि बाणाच्या टोकाला, शंका राहू नये म्हणून, "आत्या".